थंडीपूर्वी आंब्याच्या कलमांना नत्र : कधी द्यावे, कधी थांबावे

पावसाळ्यात लावलेली केशर आंब्याची कलमं आता तरारली असतील. दिवाळीच्या सुमारास मनात येतं, "अजून थोडा युरिया टाकला की झाड चांगलं उचलेल." इथंच हात आवरायचा.

नत्रानं कोवळी पालवी फुटते. ती पक्की व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. ऑक्टोबरअखेर युरिया दिला, तर डिसेंबरात बालाघाटाच्या माळावर कडाका पडतो तेव्हा शेंडे कोवळेच असतात. कोवळ्या पानात पाणी जास्त आणि साखरेचा साठा कमी, म्हणून ती आधी करपतात. लहान कलमाचा जोडावरचा भागच मेला, तर खालून खुंट फुटतो. झाड जगलं असं वाटतं, पण ते केशर नव्हे, गावठी! हे काही वर्षांनी फळ लागल्यावर कळून काय उपयोग?

मग नत्र बंदच करावे काय? तसेही नाही. उपाशी रोपही थंडीला टिकत नाही. थंड देशांतल्या पाइनच्या रोपवाटिकांत हाच अनुभव आहे. शेंड्याची वाढ थांबल्यावर बेताने दिलेले नत्र तिथे रोपाच्या अंगी साठते. आपला आंबा मात्र ऊब आणि पाणी मिळाले की पुन्हा फुटतो. म्हणून आपण वेळेवर थांबावे.

लक्षात ठेवा :

१. शिफारशीप्रमाणे नत्र पावसाळ्यातच विभागून द्या. शेवटचा हप्ता सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपवा. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून मूठ बेताची ठेवा.

२. उशिरा दिलेले कोंबडीखत किंवा लेंडीखतही नत्रच देते, हे विसरू नका.

३. तांबूस, लुसलुशीत पालवी असलेल्या कलमांना कडब्याचा आडोसा करा. आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी सोडा.

४. कडाक्याची थंडी असेल तेव्हा संध्याकाळी हलके पाणी द्या. कोरड्या जमिनीपेक्षा ओल्या जमिनीत ऊब जास्त राहते.

५. शेंडे करपले तर लगेच छाटू नका. थंडी सरल्यावर जिवंत डोळ्याच्या वर छाटा. जोडाखालचे फुटवे मात्र दिसताच काढा.

थंडी सरून नवी पालवी येऊ लागली, की पाण्याची सोय पाहून पुन्हा खत सुरू करता येईल. तोवर झाडाला पानं पक्की करू द्या.