पाटल्या आपल्या, कागदही आपला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



घर पाहावे बांधून, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आता आपण घर बांधत नाही, विकत घेतो. पण जीव तेवढाच टांगणीला लागतो.

डोंबिवलीत आम्ही नव्या इमारतीत घर पाहिले. किंमत ५० लाख. “सोमवारपासून भाव वाढणार, आजच १० लाख भरा,” असे तिथल्या माणसाने सांगितले. आमचे हे घाबरले, मीही घाबरले. शिलकीतले काढले, माझ्या पाटल्या मोडल्या, उरलेले दिरांकडून आणले आणि साध्या पावतीवर पैसे देऊन आलो. दीड महिन्याने निरोप आला, की भाव ४ लाखांनी चढला; परवडत नसेल तर पैसे परत न्या. ते हाती येईपर्यंत आठ महिने गेले. त्या दिवसांत घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते.

मागाहून कळले, की २०१६ च्या कायद्याप्रमाणे करारनाम्याची नोंदणी झाल्याविना बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. म्हणजे आमच्याकडून ५ लाखांवर एक पैसाही नाही. इमारतीची माहितीही महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते.

भगिनींनो, पाटल्या आपल्या मोडतात, तेव्हा कागदही आपणच वाचावा. समजला नाही तर विचारावे. त्यात कमीपणा नाही. “उद्या मिळणार नाही” असे कोणी म्हटले, तर “मग राहू द्या” असे म्हणावे.

आमचे घर अजून व्हायचे आहे. पण आता रात्री झोप लागते.