धरणाच्या पाण्याला थर्मामीटर

(मंडळाच्या वर्धापनदिनी इंदिरानगर येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात आकाशातल्या यंत्राचा विषय कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. पण विषय आपल्या घागरीतल्या पाण्याचाच आहे. नाशिकची तहान मुख्यतः गंगापूर धरण भागवते. धरण किती भरले, हे आपण रोज विचारतो. त्यातले पाणी किती तापले, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते विचारावयास हवे.

बंबातले पाणी आठवा. वरचे कढत झाले तरी तळाचे कोमटच राहते, कारण ऊन पाणी हलके असते. उन्हाळ्यात खोल जलाशयातही असेच घडते. वरचा थर तापतो, खालचा गार राहतो आणि दोघांची सरमिसळ थांबते. मग हवेतला प्राणवायू तळाशी पोहोचत नाही, आणि असलेला प्राणवायू कुजणारा पालापाचोळा संपवून टाकतो. अशा वेळी गाळातले लोह व मँगनीज पाण्यात उतरतात, पाण्याला वास येऊ लागतो. पुढे थंडीने वा वाऱ्याने पाणी ढवळले की ते वर येते आणि शुद्धीकरण केंद्राचे काम वाढते. शिवाय ऊन पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. माशांना हा फरक मोठा असतो.

हा ताप आकाशातून कसा कळतो? तापल्या तव्याला हात न लावताही त्याची धग आपल्याला जाणवते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे असे अदृश्य किरण सोडीत असते. २०१३ साली सोडलेला लँडसॅट-८ आणि २०२१ सालचा लँडसॅट-९ हे अमेरिकेचे उपग्रह सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून हे किरण टिपतात. प्रत्येक उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवर येतो. दोघे मिळून दर ८ दिवसांनी. १०० मीटर लांबरुंद, म्हणजे एक हेक्टर एवढ्या चौकोनाचे एक तापमान मिळते. असे चौकोन रंगवले की जलाशयाचा नकाशा तयार होतो.

त्या नकाशात पाण्याची हालचालही दिसते. वारा वरचे ऊन पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो, तेव्हा त्याच्या जागी खालचे गार पाणी वर येते. अमेरिकेच्या मिशिगन सरोवराच्या काठाने असा गार पट्टा उपग्रहाच्या चित्रांत स्पष्ट दिसतो. नदी जलाशयात शिरते तेथेही पाण्याचा वेगळा पट्टा उमटतो. चित्रामागून चित्र पाहिले की पाणी कोठून कोठे गेले, याचा अंदाज येतो. जगभरातल्या २३५ सरोवरांच्या १९८५ ते २००९ या काळातील नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांत उपग्रहाच्याही नोंदी होत्या. उन्हाळ्यातले वरचे पाणी दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंशांनी तापत असल्याचे त्यांना आढळले.

मात्र या डोळ्याला मर्यादाही आहेत. त्याला केसाहूनही पातळ असा वरचा थर तेवढा दिसतो. तळ दिसत नाही. ढग आडवे आले की काहीच दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात धरण भरत असताना त्याचा उपयोग थोडा. रामकुंडासारख्या अरुंद जागी घाटाचा तापलेला दगड आणि पाणी एकाच चौकोनात मिसळतात. म्हणून होडीत बसून, दोरीला थर्मामीटर बांधून, वेगवेगळ्या खोलीवरचे तापमान घेणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. उपग्रह रुंदी सांगतो, दोरी खोली सांगते.

भगिनींनो, ही चित्रे २००८ सालापासून सर्वांना विनामूल्य मिळतात. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून याहून बारीक नजरेचा उपग्रह आखला आहे, त्याचे नावच ‘तृष्णा’. आपल्या महाविद्यालयात जाणाऱ्या लेकीसुना घरबसल्या गंगापूरची दर महिन्याची चित्रे पाहून वही ठेवू शकतील. आणि पाणी कोणत्या खोलीवरून उचलले, त्याचे तापमान व प्राणवायू किती होता, हे महापालिकेला विचारण्याचा अधिकार तर आपल्या प्रत्येकीला आहे. घरातल्या तापलेल्या लेकराची आपण दर दोन तासांनी नोंद ठेवतो. साऱ्या शहराला पाजणाऱ्या जलाशयाची महिन्यातून एकदा ठेवायला काय हरकत आहे?