झील धरणाऱ्यांची नावं

 आजची गोष्ट फार लांबच्या देशातली आहे, पण तिची सुरुवात तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. बचतीच्या फंडातून काढलेल्या कर्जापासून ती सुरू होते.

अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं शहर आहे. मोटारींच्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध. तिथे गॉर्डी नावाचं मोठं कृष्णवर्णीय कुटुंब राहायचं. त्या घरातली भावंडं दर महिन्याला एका फंडात पैसे टाकायची. आपल्या गटासारखंच, फक्त सगळे सभासद एकाच घरचे. १९५९ च्या जानेवारीत बेरी गॉर्डी नावाच्या भावाने फंडाकडे कर्ज मागितलं. बेरीने कारखान्यात काम केलं होतं, रेकॉर्डचं दुकान काढलं होतं आणि ते बुडालंही होतं. आता त्याला स्वतःच रेकॉर्ड काढायच्या होत्या. घरच्यांनी ८०० डॉलर दिले, पण रीतसर कागदावर सही घेऊन. त्यातून पुढे उभी राहिली ती मोटाऊन ही कंपनी.

तिथली गाणी सोल संगीत म्हणून ओळखली जातात. चर्चमधल्या भजनांचा आवेग आणि नाचायला लावणारा ताल एकत्र आले, की ते संगीत होतं. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर ही मोटाऊनची मोठी नावं. गोऱ्या-काळ्यांची पंगत जिथे वेगळी बसायची, त्या देशात ही गाणी दोघांच्याही घरात वाजली.

पण मैत्रिणींनो, भजनात बुवा एकटा कधी पुरतो का? पखवाज लागतो, टाळ लागतात. शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी लागतात. मोटाऊनचे असे मागचे लोक कोण होते, ते आज सांगते.

कंपनीचा स्टुडिओ एका साध्या राहत्या घरात होता. खालच्या छोट्या खोलीत वाद्यं वाजायची. तारांचं एवढं जंजाळ असायचं, की वादक त्या खोलीला ‘सापांचं बीळ’ म्हणायचे. आवाज घुमावा म्हणून कधी घरातली न्हाणीघराची खोलीही वापरली गेली. हा स्टुडिओ दिवसाचे २२ तास चालायचा. खाली बसणारे दहा-बारा ठरलेले वादक होते. ते स्वतःला फंक ब्रदर्स म्हणायचे. एकच गट, पण गाणं आज या गायकाचं, उद्या त्या गायिकेचं.

त्यातला जेम्स जेमर्सन बास गिटार वाजवायचा. बास म्हणजे जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. गाण्यात तिचं काम पखवाजाच्या घुमाऱ्यासारखं, पटकन कानात येत नाही, पण काढून घेतलं तर गाणं पोकळ होतं. जेमर्सन तारा छेडायला उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. जगभरचे बासवादक आजही त्याच्या चाली गिरवतात. ड्रमवर बेनी बेंजामिन होता, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक. जॅक ॲशफर्ड खंजिरी वाजवायचा. १९६५ च्या एका गाण्यात तर ठेक्यासाठी साखळ्या वाजवल्या आहेत, बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाला बांधतात त्या.

१९६४ च्या शेवटी टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ आलं. त्याच्या सुरुवातीला गिटारचे सहा चढते सूर आहेत. ते ऐकले की लाखो लोक गाणं ओळखतात. ते वाजवले रॉबर्ट व्हाइटने. पुढे कितीतरी वर्षांनी तो एका हॉटेलात जेवायला बसला असताना हेच गाणं लागलं. वाढणाऱ्या माणसाला ‘हे मी वाजवलंय’ असं सांगावं, हे त्याच्या अगदी ओठावर आलं. पण तो थांबला. म्हातारा काहीतरी बडबडतोय, असं त्याला वाटेल, ही भीती. रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नाव नव्हतं. दाखवायला पुरावा काय होता त्याच्याकडे?

आता तीन बायकांची गोष्ट ऐका. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स. या तिघींच्या गटाचं नाव अँडांटीज. मोटाऊनच्या झीलकरी म्हणजे या. मोठे गायक गावोगाव कार्यक्रम करत फिरायचे, आणि इकडे स्टुडिओत मागचा आवाज हवा असला की या तिघींना बोलावणं यायचं. फोर टॉप्सच्या कितीतरी गाण्यांत त्या चौघा पुरुषांमागे यांचे बारीक, उंच सूर आहेत.

१९६८ साली ‘लव्ह चाइल्ड’ नावाचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पाकिटावर नाव होतं डायना रॉस आणि सुप्रीम्स. पुढचा आवाज डायनाचाच आहे. मागचे आवाज मात्र सुप्रीम्समधल्या दोघींचे नाहीत, ते अँडांटीजचे आहेत. घरोघरी ती रेकॉर्ड वाजली, लोकांनी सुप्रीम्सचं कौतुक केलं, आणि ज्या गायल्या त्यांचं नाव कुठेच आलं नाही.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. कंपनीने या लोकांना राबवून उपाशी ठेवलं, असं नाही. सुरुवातीला गाण्यामागे पाच-दहा डॉलर मिळायचे, पुढे प्रमुख वादकांना बांधलेला पगार मिळाला. रात्री क्लबात वाजवणाऱ्या माणसाला कायमचं काम मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण मजुरी एकदाच मिळते. गाणं लिहिणाऱ्याला रेकॉर्ड विकली जाईल तसा वाटा मिळत राहतो. वाजवणाऱ्याचा आणि झील धरणारीचा हिशेब मात्र त्या दिवशीच मिटायचा. गाण्याची ओळख ज्या सुरांनी झाली, ते सूर ज्याने त्या खोलीत बसून रचले, त्यालाही रोजंदारीच.

नाव न लिहिल्याचा परिणाम पुढेही होतो. काही गाण्यांत बास नेमका कोणी वाजवला, यावर आजही वाद चालतात, कारण त्या वेळी धड नोंदच ठेवली नाही.

१९७१ साली मार्विन गेची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही मोठी रेकॉर्ड आली. तिच्या पाकिटावर वादकांची नावं छापली होती. मोटाऊन सुरू होऊन तोवर बारा वर्षं झाली होती! आणि पुढच्याच वर्षी कंपनीने डेट्रॉइटमधून गाशा गुंडाळला आणि ती लॉस एंजेलिसला गेली. वादकांनी सांगितलंय, की नेहमीप्रमाणे ते कामाला आले तर दारावर चिठ्ठी होती, आज काम नाही. इतक्या वर्षांच्या कामाचा निरोप असा.

जेमर्सन कंपनीच्या मागे लॉस एंजेलिसला गेला, पण तिथे त्याचा जम बसला नाही. दारूने शरीर पोखरलं. १९८३ मध्ये मोटाऊनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. ज्याच्या बोटावर ती गाणी उभी होती, तो स्वतः तिकीट काढून प्रेक्षकांत मागे बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो गेला. वय फक्त ४७. २००० साली अमेरिकेतल्या संगीताच्या एका मानाच्या संस्थेने त्याचं नाव आपल्या यादीत घेतलं. २००२ मध्ये फंक ब्रदर्सवर एक माहितीपट निघाला, २००४ मध्ये त्यांना जीवनगौरवाचा ग्रॅमी मिळाला. तोपर्यंत रॉबर्ट व्हाइट, बेनी, अर्ल यांच्यापैकी कोणीच उरलं नव्हतं.

मैत्रिणींनो, ज्या घरात ८०० डॉलरच्या कर्जाचा कागद नीट झाला, त्याच घराच्या कंपनीत वाजवणाऱ्यांची नावं कागदावर यायला बारा वर्षं लागली. पैशाची नोंद लगेच होते, कामाची राहून जाते. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? गटाच्या वहीत हप्ता, व्याज, दंड, सगळं तारखेवार असतं. पण दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आली तेव्हा भाजणी कोणी भाजली, चकल्या रात्री किती वाजेपर्यंत कोणी पाडल्या, बाजारात कोण उभी राहिली, हे कुठे लिहिलंय? नफा वाटायची वेळ आली, की मग आठवणीवर भांडणं होतात. आणि आठवणीच्या भांडणात मोठ्याने बोलणारी जिंकते.

म्हणून पुढच्या बैठकीत एक करून बघा. वहीत हिशेबाच्या पानासमोर एक पान कामाचं ठेवा. काम, तारीख, नाव, तास. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहावं आणि मोठ्याने वाचून दाखवावं. ते काम त्याच दिवशी करा, महिन्याने नको.

आणि तुमच्या ओव्या, भोंडल्याची गाणी रेकॉर्ड करायला कोणी आलं, तर पुढे गाणारीचं नाव सांगाल तसंच मागे झील धरणाऱ्या सगळ्यांची नावं सांगा. ती लिहून घेतलीत का, एवढं विचारा. त्या रेकॉर्डिंगचं पुढे काय होणार, विकलं जाणार का, आणि विकलं तर आमचा वाटा काय, हेही गाण्याच्या आधी विचारा. गाऊन झाल्यावर हे विचारायला कोणी थांबलेलं नसतं.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.