जबड्याचा सांधा

(न्यासाच्या महोत्सवी सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आनंदाच्या प्रसंगी दुखण्याची गोष्ट काढणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. पण घरच्या माणसांपुढे ती बोलायची नाही, तर कोठे बोलायची?

आम्हाला पुष्कळजण विचारतात, "डॉक्टर, तुम्ही दातांचे; मग कानाजवळच्या दुखण्याला तुमच्याकडे का पाठवले?" प्रश्न रास्त आहे. मुखशल्यचिकित्सक हा आधी दंतवैद्यच असतो. पाच वर्षांच्या पदवीशिक्षणानंतर तो आणखी तीन वर्षे मुख व जबडा यांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतो. बेळगावात के. एल. ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय १९८५ साली निघाले आणि सीमाभागाला या विद्येचे एक ठिकाण घराजवळ मिळाले.

आता आपण सर्वांनी कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडावे व मिटावे. बोटाखाली जे हलते तोच हा सांधा. तो बिजागरीसारखा नुसता फिरत नाही, तोंड मोठे उघडताना पुढेही सरकतो. मध्ये लहानशी चकती असते, ती गादीचे काम करते. दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाचे, म्हणून जोडीच्या बैलांप्रमाणे त्यांना बरोबरच चालावे लागते. एक अडला की दुसऱ्यावर ओढ पडते.

बहुतेकांचे दुखणे साधे असते. झोपेत दात खाण्याची सवय, मनावरचा ताण, एकाच बाजूने चावणे, यांनी स्नायू थकतात. कानशील दुखते, आणि घरची माणसे कानात तेल सोडत बसतात! अशा रुग्णाला आम्ही चाकू दाखवत नाही. काही दिवस मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, गरम शेक, जांभई देताना हनुवटीखाली हात, ठरावीक व्यायाम आणि गरज पडल्यास रात्री दातांवर बसवायची पट्टी, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. सांधा नुसता कटकट वाजतो, पण दुखत नाही व अडत नाही, तर त्याला उपचारच नको. याउपर दुखणे हटले नाही, तर दोन सुयांनी सांधा आतून धुण्याची रीत १९९१ सालापासून प्रचारात आली आहे. जांभई देताना जबडा निखळला, तर तो हाताने बसवता येतो. ही विद्या जुनी आहे. शेक देऊन, सांधा बसवून पट्टी बांधण्याचा विधी सुश्रुतसंहितेतही सांगितलेला आहे.

मात्र तोंड उघडेनासे झाले, तर गोष्ट वेगळी. आपल्या भागात त्याची दोन कारणे नीट ओळखली पाहिजेत. पहिले सुपारीचे. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. यात सांधा निर्दोष असतो. गालाची आतली त्वचाच घट्ट होते. आधी तिखट झोंबते, मग तोंड आक्रसत जाते, आणि पुढे कर्करोगाचेही भय असते. महाराष्ट्रात २०१२ साली व कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली. कायद्याने पुडी बंद झाली, तरी सवय आपणच सोडावी लागते.

दुसरे कारण लहान मुलांचे, आणि ते आमच्या मनाला अधिक लागते. निपाणीकडच्या एका खेड्यातून एक आई मुलीला घेऊन आली. आई विड्या वळणारी. मुलगी अकरा वर्षांची. दातांमधून चमचाही जात नव्हता. चार वर्षांची असताना ती कट्ट्यावरून हनुवटीवर पडली होती. हनुवटीला टाके घातले गेले, जखम भरली, सगळे विसरले. पण मार कानापाशी पोचला होता. तेथील हाड मोडले आणि हळूहळू सांधा हाडानेच जुळून गेला. जबड्याची वाढ तेथून होते. ती खुंटली म्हणून हनुवटी आत गेली. रात्री मुलगी घोरे, दचकून उठे. आईला घोर होता तो तिच्या रूपाचा. आम्हाला तिच्या श्वासाचा.

जुळलेले हाड काढून मध्ये स्नायूचा थर घातला. पण शस्त्रक्रिया हे निम्मेच काम. पुढे कित्येक महिने रोज तोंड उघडण्याचा व्यायाम केला नाही, तर सांधा पुन्हा जुळतो. मुलगी रडे, आई डोळे पुसे, पण व्यायाम चुकवू देत नसे. पहिल्यांदा भाकरीचा तुकडा दाताने तोडला, त्या दिवशी मायलेकी दोघी हसल्या. हे यश आमच्या हत्यारांपेक्षा त्या माउलीच्या चिकाटीचे अधिक.

म्हणून आपणांस एवढीच विनंती. मूल हनुवटीवर पडले, की नुसती जखम पाहू नका. दोन्ही कानांपुढे हात लावून पाहा आणि क्ष-किरण चित्राबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढील काही महिने त्याचे तोंड किती उघडते इकडे लक्ष ठेवा. त्याची स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात असावीत; कमी जाऊ लागली, तर वाट पाहू नका. आणि न्यासाने एखाद्या मुलाचा खर्च उचलला, तर शस्त्रक्रियेबरोबर पुढल्या खेपांचे गाडीभाडेही द्यावे. पैशाअभावी व्यायाम तुटला, तर आधीचे सारे वाया जाते.