प्रमाणपत्रानें काम मिळतें काय?



ज्या कारागिराचें दुकान एका गाळ्यांत मावतें, ज्याच्या हाताखालीं दोनतीन पोरगे आहेत, आणि जो घरोघरीं व दुकानोदुकानीं सी. सी. टी. व्ही. कॅमेरे व चोरघंटा बसवून आपला संसार चालवितो, त्यानें एखाद्या संस्थेची मान्यता मिळविली तर त्याच्या हातीं अधिक काम येईल काय, असा आजचा प्रश्न आहे. विषय बाजारी वाटेल खरा. परंतु दाराची राखण ज्याच्या हवालीं करावयाची त्याची पारख कशी करावी, ही चिंता आपल्या प्रत्येकाच्या घरची आहे. आमच्या सोलापुरांत नव्या पेठेपासून जुळे सोलापुरापर्यंत आणि तिकडे अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांपर्यंत ह्या कारागिरांनीं ओढलेल्या तारा आतां सर्वत्र दृष्टीस पडतात.

शिक्क्यावर विश्वास ठेवण्याची आपली संवय जुनी आहे. तुपाच्या डब्यावर आपण अॅगमार्क पाहतों. त्याचा कायदा १९३७ सालचा. विजेच्या इस्त्रीवर आय. एस. आय.ची खूण शोधतों. सोन्यावरील हॉलमार्क २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. ह्या साऱ्या खुणा वस्तूवरच्या आहेत, आणि वस्तु जशी तपासली गेली तशीच ती आपल्या हातीं पडते. कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. उत्तम कॅमेरा घेतला आणि तो मावळत्या सूर्याच्या तोंडावर बसविला, तर आंत येणाऱ्याचा चेहरा म्हणजे निव्वळ एक काळी आकृति! तारेच्या जोडाला डबी बसविली नाहीं, तर वळवाच्या पहिल्या सरीबरोबर चित्र नाहींसें होतें. साठवणुकीची डिस्क लहान घातली, तर जुन्या चित्रणावर नवें चित्रण चढत जातें, आणि चोरी महिन्यानें उघडकीस आली तर पाहावयास कांहींच उरत नाहीं. कारखान्यांतून आलेला पासवर्ड न बदलतां तसाच ठेवला, तर दूरचा कोणी उपद्व्यापी मनुष्य तुमच्याच कॅमेऱ्यांतून तुमचें घर पाहूं शकतो. चारी दोष हाताचे. वस्तूचा त्यांत एकहि नाहीं.

आपल्याकडील कायद्यानें मात्र वस्तूकडेच अधिक लक्ष दिलें आहे. केंद्र सरकारनें एप्रिल २०२४ मध्यें अधिसूचना काढली, आणि ९ एप्रिल २०२५ पासून सी. सी. टी. व्ही. कॅमेरा बाजारांत आणावयाचा तर त्याच्या सायबर सुरक्षिततेची तपासणी मान्य प्रयोगशाळेंत व्हावी लागते. हें योग्यच झालें. पहारेकरी पुरविणाऱ्या संस्थांना २००५ च्या कायद्यानें परवाना लागतो. म्हणजे यंत्राला नियम आहे, पहाऱ्याला नियम आहे. यंत्र भिंतीवर बसविणारा हात तेवढा मध्येंच मोकळा राहिला. त्याच्या शिक्षणाच्या सोयी नाहींत असें नव्हे. इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेनें ह्या कामाचा अभ्यासक्रम व परीक्षा ठरविली आहे. बँकांनीं चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत सुमारें दोन आठवड्यांचे वर्गहि भरतात. परंतु तें प्रमाणपत्र कोणी मागावयास हवें ना!

येथेंच खरी मेख आहे. माझा एक जुना विद्यार्थी हाच धंदा करतो. त्याच्या दुकानांत दोन चौकटी टांगलेल्या आहेत. मीं विचारलें, "अरे, ह्यांतून काम येतें का?" तो म्हणाला, "गुरुजी, गिऱ्हाईक वर मान करून पाहत देखील नाहीं. तें दोनच गोष्टी विचारतें. कितीला पडेल, आणि उद्यां याल का?" मीं चौकटी वाचून पाहिल्या. एक उद्यम नोंदणीची होती. ही नोंदणी २०२० पासून सुरू आहे, ती विनाशुल्क होते, आणि धंदेवाल्यानें स्वतः दिलेल्या माहितीवर मिळते. ती धंद्याच्या आकाराची नोंद आहे, कामाच्या गुणाची नव्हे. दुसरें प्रमाणपत्र आय. एस. ओ. ९००१ चें. तें टपालानें आलें होतें. दुकानांत पाऊल टाकून कोणीं कांहीं तपासलें नव्हतें. पुष्कळांस ठाऊक नसेल कीं, आय. एस. ओ. ही जागतिक संस्था केवळ मानकें लिहिते. प्रमाणपत्र ती कोणालाच देत नाहीं. तें देणाऱ्या संस्था निराळ्या, आणि त्या संस्थांची पारख करणारें आपल्याकडील एन. ए. बी. सी. बी. हें मंडळ आणखी निराळें. ज्या कागदामागें प्रत्यक्ष तपासणी नाहीं, तो घेण्यापेक्षां त्या पैशांत एक चांगली शिडी घ्यावी, असें मीं त्याला सांगितलें. तो हंसला, चौकट अजून भिंतीवर आहे.

आतां इंग्लंडाकडे पाहूं. तेथें चोरघंटा बसविणाऱ्या लहान दुकानदाराला मान्यतेवांचून पुढें जाणें कठीण. एन. एस. आय., एस. एस. ए. आय. बी. अशा संस्थांचे तपासनीस त्याचें काम पाहून मान्यता देतात. तेथील गिऱ्हाईक आपल्यापेक्षां चोखंदळ आहे म्हणून हें घडलें, असें मला वाटत नाहीं. घडलें तें असें कीं, विमा कंपन्या मान्यताप्राप्त माणसाच्या कामाची अट घालूं लागल्या. आणि खोट्या घंटांनीं हैराण झालेले पोलीस अशाच माणसानें बसविलेली घंटा आपल्या दप्तरीं नोंदवून तिच्या हांकेला धांवूं लागले. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पाठीमागें एक तिसरा उभा राहिला, ज्याला चूक झाल्यास भुर्दंड पडतो. मान्यता मागतो तो हा तिसरा.

तिसरा नसला म्हणजे काय होतें, तें पाहावयास आम्हां सोलापूरकरांना परगांवीं जावयास नको. आमच्या चादरीला २००५-०६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हक्क खरा, मान खरा. तरी पानिपताकडील मागांवर निघालेली चादर सोलापुरी म्हणून विकली जातेच. घेणारा रंग पाहतो, भाव करतो, आणि पिशवींत घालून चालूं लागतो.

ह्यावरून मान्यता व्यर्थ, असा अर्थ कोणी काढूं नये. ज्या दारीं ती मागतात, त्या दारीं तिच्यावांचून उभेंहि राहतां येत नाहीं. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें लॉकरविषयीं नवे नियम केले; ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. तिजोरीच्या खोलींत येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरा हवा, आणि त्याचें चित्रण किमान १८० दिवस राखलें पाहिजे. बँकेच्या हयगयीनें चोरी झाली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत भरपाई तिच्या माथीं येते. अशी बँक काम देतांना कागद पाहील, हें उघड आहे. सरकारी खरेदीचा जेम हा बाजार २०१६ पासून चालू आहे. तेथें लहान धंद्याला बयाणा रकमेची जी सवलत मिळते, ती ह्याच उद्यम नोंदणीच्या जोरावर. भिंतीवर निरुपयोगी असलेली ती चौकट निविदेच्या पाकिटांत अशी कामाला येते! तेव्हां लहान कारागिरानें आधीं गिऱ्हाईक ठरवावें आणि मग प्रमाणपत्राचा खर्च करावा. ज्याला फक्त घरगुती कामें करावयाचीं आहेत, त्याला शेजाऱ्यानें दिलेला हवाला अधिक फळतो.

शाळांविषयीं मात्र मला आग्रहानें बोलावयाचें आहे. बदलापूरच्या दुःखद प्रकारानंतर राज्य सरकारनें २१ ऑगस्ट २०२४ रोजीं निर्णय काढला आणि शाळांनीं महिन्याच्या आंत कॅमेरे बसवावे असें सांगितलें. महिन्याची मुदत म्हटली म्हणजे जो प्रथम भेटला आणि स्वस्त वाटला त्याला काम देण्याचा मोह मुख्याध्यापकाला होतो. मी त्या खुर्चीची घाई जाणतों. पण लेंकरांच्या बाबतींत तो तिसरा म्हणजे शाळाच आहे. काम करणाऱ्या पोरांपैकीं निदान एकानें रीतसर शिक्षण घेतलें आहे काय, चित्रण किती दिवस टिकेल, पासवर्ड कोणापाशीं राहील, बिघाड झाल्यास किती तासांत याल, हें लेखी मागितलें पाहिजे. शाळा असें मागूं लागल्या, तर ज्या कारागिरानें खरें शिक्षण घेतलें त्याला त्याचें मोल मिळेल. आणि बिल चुकतें करण्यापूर्वीं त्याला समोर बसवून आदल्या रात्रीं दोन वाजतांचें चित्रण लावून दाखवावयास सांगावें. फाटकापाशीं उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्यांत ओळखूं येतो कीं नाहीं, तें मुख्याध्यापकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.