कांद्याचा पेला आणि बारदान



चिटणिसांनी मला विचारले, "कामगार चळवळीवर बोलणार ना?" मी म्हटले, "नाही, कांद्यावर." ते हसले. पण मी सातवी शिकलेला माणूस. उमेदीची वर्षे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाल-तोलणारांत गेली. ज्या मालाला रोज हात लागतो, त्यावरच मला बोलता येईल.

आमच्या एका तोलणाराची मुलगी अकरावीत शास्त्र शाखेला आहे. खर्च झेपत नाही, म्हणून तिला कॉमर्सला घालावे असे बापाच्या मनात होते. मुलगी म्हणाली, "आधी एक प्रयोग बघा, मग ठरवा." कांद्याने कांदाच व्हावे हा मजकूर ज्या धाग्यात असतो, तो डीएनए म्हणे घरच्या घरी काढता येतो. एका रविवारी आम्ही गाळ्यामागे बसलो.

अर्धा कांदा बारीक चिरला. पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ आणि भांडी घासायचा दोन चमचे पातळ साबण घालून त्यात कुसकरला. साबणाने पेशींचे स्निग्ध आवरण फुटते. दहा मिनिटांनी फडक्यातून गाळले आणि वर स्पिरिट ओतले. डीएनए स्पिरिटात विरघळत नाही, म्हणून तो वेगळा दिसू लागतो. पण आमचा पहिला प्रयोग फसला, आणि तो माझ्यामुळे. स्पिरिट गार केले नव्हते आणि मी ते भसकन ओतले. सगळे दुधासारखे झाले. दुसऱ्या खेपेला चहावाल्याकडच्या बर्फात बाटली ठेवली, सर्वांना विड्या विझवायला लावल्या, आणि पेला तिरका धरून मुलीने कडेकडेने धार सोडली. थोड्या वेळाने दोन थरांच्या मध्ये पांढऱ्या तारा तरंगू लागल्या. काडीला गुंडाळून त्या बाहेरही आल्या.

आम्ही सगळे खूष. बाप मात्र गप्प. मग म्हणाला, "हा साबणाचाच फेस कशावरून नाही? बारदान वजा केल्याशिवाय मालाचे वजन धरतात का? कांदा न घालता एक पेला करा."

श्रोतेहो, मी पुस्तके पुष्कळ वाचली, पण ही शंका मला सुचली नव्हती! बिनकांद्याचा पेला केला. थोडी गढूळता आली, तार एकही नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या बाई यालाच तुलनेचा पेला म्हणतात."

एवढ्यावरही खातरजमा पुरी होत नाही, हे सांगितले पाहिजे. त्या तारा निव्वळ डीएनए नव्हेत. कांद्यातले पेक्टिन आणि प्रथिनेही त्यात अडकलेली असतात. ते वेगळे करायला प्रयोगशाळाच हवी. पण मूळ शोधाची सुरुवात तरी कुठे सोवळ्यात झाली होती? १८६९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन गावी फ्रीडरिश मीशर या तरुणाला हा पदार्थ प्रथम सापडला, तो इस्पितळातून आणलेल्या पट्ट्यांवरच्या पुवात. लोक ज्याला नाक मुरडतात, ते त्याने धुऊन तपासले. आमच्याकडे तर चांगला कांदा होता.

मुलगी शास्त्र शाखेतच आहे. फीचा प्रश्न सुटलेला नाही. संघटनेच्या बैठकीत तो अजून चर्चेला आहे. बापाने मात्र पुढच्या रविवारी केळे आणायला सांगितले आहे, आणि दोन पेले.