वृद्धांची शुश्रूषा आणि रुग्णालयाची नोंदवही

(ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



घरातील वृद्ध न्हाणीघरात पाय घसरून पडतात, खुब्याचे हाड मोडते आणि धावपळ करून त्यांना रुग्णालयात आणले जाते. मुले परगावी किंवा परदेशी असली, तर ही धावपळ शेजारीच करतात. पुढील आठ-दहा दिवसांचा हिशेब मात्र चोख मिळतो. सलाईनच्या बाटल्या किती, हातमोजे किती, खोलीभाडे किती, सारे संगणकावर छापून हाती येते. शस्त्रक्रियेसाठी रुग्ण किती तास ताटकळला, त्याला कितव्या दिवशी उभे केले, पाठीला शय्याव्रण, म्हणजे रुग्णालयाच्या भाषेत बेडसोअर, झाला काय, मध्यरात्री त्याचे स्थळकाळाचे भान हरपले तेव्हा जवळ कोण होते, याचा मागमूस त्या कागदांत नसतो. संगणक रुग्णालयात आला खरा. पण तो अद्याप लेखापालाच्या खोलीतच बसलेला आहे.

तरुणाचे हाड सांधले की तो बरा झाला, असे म्हणता येते. वृद्धाचे तसे नाही. तो अंथरुणाला खिळला की छातीत कफ साठतो, कातडी फाटते, अन्नावरची वासना उडते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही महिनाभरात माणूस हातचा जातो आणि घरातील मंडळी ‘वय झाले होते’ असे म्हणून मनाची समजूत घालतात. वयामुळे झालेला मृत्यू कोणता आणि हेळसांडीमुळे झालेला कोणता, हे एका रुग्णावरून कधीच कळत नाही. शेकडो रुग्णांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तरच ते दिसते. रुग्णालयांनी आपली आकडेवारी एकाच नमुन्यात ठेवावी, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 च्या सुमारासच धरला होता.

याचे डोळ्यांत भरणारे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील अस्थिशल्यविशारदांच्या व वार्धक्यतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन 2007 मध्ये खुब्याच्या अस्थिभंगाची राष्ट्रीय नोंदणी सुरू केली. प्रत्येक वृद्ध रुग्णाविषयी मोजकेच प्रश्न: शस्त्रक्रिया किती वेळात झाली? वार्धक्यतज्ज्ञाने तपासले काय? शय्याव्रण झाला काय? पुन्हा पडू नये आणि हाडे बळकट व्हावीत म्हणून काय केले? उत्तरे संगणकात जात आणि प्रत्येक रुग्णालयाची कामगिरी नावानिशी प्रसिद्ध होई. आपण शेजारच्या गावापेक्षा मागे आहोत, हे डॉक्टरांना स्वतःच्याच आकड्यांतून उमगू लागले. 2010 पासून 36 तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि अन्य निकष पाळल्यास रुग्णालयाला अधिक मोबदला मिळू लागला. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांचे तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 2007 मध्ये शेकडा 10.9 होते, 2011 मध्ये ते 8.5 वर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. वेळेवर करावयाचे काम वेळेवर होऊ लागले, इतकेच.

त्याच देशातील स्टॅफर्डच्या रुग्णालयाची कथा मात्र विसरता येणार नाही. 2005 ते 2009 या काळात तेथील व्यवस्थापन आर्थिक शिल्लक आणि वरून आलेली उद्दिष्टे सांभाळण्यात गुंतले होते. वॉर्डातील वृद्धांना कोणी पाणी देत नव्हते, अंथरूण बदलत नव्हते. नातेवाइकांनी आवाज उठवला, चौकशी झाली आणि 2013 च्या अहवालाने ते सारे वेशीवर टांगले. आकडे तेथेही होतेच. ते रुग्णाच्या उशाशी बसून घेतलेले नव्हते, एवढेच.

भारतात 2011 च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेले सुमारे 10.4 कोटी लोक होते. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. वृद्धाला रुग्णालयाचे दार उघडून देणारे हे पाऊल अभिनंदनीय आहे. या योजनेमागे मोठी संगणकप्रणाली उभी आहे. कोणत्या रुग्णालयाने कोणत्या उपचाराचे किती पैसे मागितले, हे ती जाणते, खोटे दावेही हुडकते. रुग्णालयांना गुणवत्तेचे प्रमाणपत्र मिळण्याचीही सोय आहे. परंतु प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि रुग्ण खाटेवर. दाव्याच्या अर्जातच चार रकाने वाढवावेत: दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे तास, शय्याव्रण, उभे केल्याचा दिवस आणि तिसाव्या दिवशीची अवस्था. परिचारिकेवर लेखनाचा बोजा टाकून भागणार नाही. जेथे एकच परिचारिका अख्खा वॉर्ड सांभाळते, तेथे दहा रकाने दिले की ते संध्याकाळी अंदाजाने भरले जाणार. म्हणून रकाने थोडे, पण खरे असावेत. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीनेच वापरली जावी. 2023 च्या कायद्याचाही भर संमतीवर आहे.

तिसाव्या दिवसाचा रकाना सर्वांत अवघड. डिस्चार्ज कार्ड हाती पडले की रुग्णालयाचा संबंध संपतो. येथे सेवाकार्य करणाऱ्यांना मोठा वाव आहे. बाहेरगावाहून मुंबईत येणाऱ्या रुग्णांसाठी नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून काम करीत आहे. गावोगावच्या रुग्णसेवकांना वॉर्डांची चांगली ओळख असते. रुग्णालयाशी रीतसर ठरवून, कुटुंबाची परवानगी घेऊन, अशा कार्यकर्त्याने महिन्याने एक दूरध्वनी करावा. आजी चालतात काय? काठीने की आधाराने? जखम भरली काय? जेवण जाते काय? उत्तर आले की त्याच दिवशी ते रुग्णालयाच्या संगणकात नोंदवावे, आणि आजी अजून अंथरुणातच असतील तर व्यायामोपचार देणाऱ्याला घरी धाडावे.